शस्त्रक्रियागृहाची रंगीत तालीम

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले म्हणजे शाळेच्या पटांगणावर एक देखावा दरवर्षी दिसतो. रंगमंच अजून उभा राहिलेला नसतो. पडदे, दिवे, सिंहासन यांचा पत्ता नसतो. मांडववाला येण्यास आठ-दहा दिवसांचा अवकाश असतो. तरीही नाटक बसविणारे शिक्षक फक्कीची पिशवी घेऊन जमिनीवर एक मोठा चौकोन आखतात, दोन्ही बाजूंस विंगांच्या रेघा ओढतात, दोन बाके एकमेकांस जोडून त्यांस सिंहासन म्हणतात, आणि तालीम सुरू होते. मग पहिल्याच दिवशी ध्यानात येते की, डाव्या विंगेतून येणारा सेनापती आणि त्याच विंगेतून जाणारी दासी यांची टक्कर होते, किंवा महाराज सिंहासनावरून उठले की त्यांची पाठ प्रेक्षकांकडे वळते. शिक्षक पायाने एक रेघ पुसतात, दुसरी ओढतात आणि म्हणतात, "आता पुन्हा करा." संमेलनाच्या रात्री प्रेक्षकांस यांतले काहीच कळत नाही. जी चूक फक्कीच्या रेघेत सापडली ती फक्कीबरोबरच पुसली गेलेली असते.

या लेखात आम्हांस बोलावयाचे आहे ते मात्र दुसऱ्याच एका 'थिएटर'विषयी. 'ऑपरेशन थिएटर' हा शब्द आता आपल्या घराघरांत रुळला आहे, आणि तो उच्चारताना घरातील मंडळींचा आवाज आपोआप खाली येतो. हे नाव त्या खोलीस उगीच पडलेले नाही. पूर्वी युरोपात शस्त्रक्रिया खरोखरच नाट्यगृहासारख्या दालनात होत असत. मध्यभागी एक लाकडी मेज, भोवती चढत्या पायऱ्या आणि त्यांवर दाटीने उभे राहिलेले विद्यार्थी, अशी तिची रचना असे. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयाचे १८२२ साली बांधलेले असे एक शस्त्रक्रियागृह तेथील चर्चच्या माळ्यावर आजही जतन करून ठेवलेले आहे. कालांतराने जंतूंचे ज्ञान झाले, प्रेक्षक बाहेर गेले, पायऱ्या गेल्या. नाव तेवढे राहिले. पण नाव राहिले तरी नाटकवाल्यांची एक चांगली सवय त्या खोलीच्या वाट्यास आली नाही. आपल्याकडे कोणतेही नाटक तालमीवाचून रंगभूमीवर येत नाही. शस्त्रक्रियागृह मात्र बहुधा कसल्याही तालमीवाचून बांधले जाते. ते बांधण्यापूर्वी त्याची पूर्ण आकाराची नक्कल उभारावी, तीत काम करणाऱ्यांनी आपले काम करून पाहावे, आणि मगच भिंतीस हात घालावा, असे आमचे मत आहे. ते मत आम्ही या लेखात मांडीत आहोत.

प्रथम ही खोली म्हणजे काय, याचा विचार करू. बाहेरून पाहणाऱ्यास वाटते की, एक मेज, वर एक मोठा दिवा आणि चार हिरव्या वेषातील माणसे एवढाच हा मामला असावा. प्रत्यक्षात तेथे पात्रांची दाटी असते. रोग्याच्या डोक्याशी भूलतज्ज्ञ आणि त्यांचे यंत्र असते. शेजारीच हृदयाचे ठोके व रक्तातील प्राणवायू दाखविणारा पडदा असतो. मेजाच्या दोन्ही अंगांस शस्त्रवैद्य व त्यांचे साहाय्यक उभे राहतात. त्यांच्या कोपराशी निर्जंतुक हातमोजे घातलेली परिचारिका उपकरणांचे मेज राखते. तिला खोलीतील दुसऱ्या कोणत्याही वस्तूस हात लावता येत नाही. म्हणून लागेल ते आणून देणारी आणखी एक परिचारिका सतत फिरती असते. रक्तस्राव थांबविणारे विजेचे यंत्र, रक्त ओढून घेणारे यंत्र, सलाईनच्या उभ्या दांड्या, वापरलेल्या कापडाच्या बादल्या, या सर्वांना जागा हवी. त्यांतल्या बहुतेकांस वायर किंवा नळी असते, आणि ती भिंतीपर्यंत जाते. छतातून स्वच्छ केलेली हवा संथपणे रोग्यावर उतरत असते. दार उघडले की त्या हवेचा पडदा हलतो व बाहेरची हवा आत येण्याचा संभव वाढतो; म्हणून दार कोठे असावे आणि ते किती वेळा उघडावे लागावे, हादेखील रोग्याच्या जखमेशी निगडित असा प्रश्न ठरतो. आपल्या देशात रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या मंडळाने हवेच्या हिशेबासाठी सर्वसाधारण शस्त्रक्रियागृह २० फूट लांब, २० फूट रुंद व १० फूट उंच धरलेले आहे. वर सांगितलेला सर्व संसार या एवढ्या जागेत मांडावयाचा असतो.

आता ही खोली कशी ठरते ते पाहा. कचेरीत एक नकाशा तयार होतो. तो वास्तुशास्त्रज्ञ पाहतात, अभियंते पाहतात, अधिकारी सही करतात, आणि कंत्राटदाराची माणसे गुण्या आणि ओळंबा घेऊन कामास लागतात. यांपैकी कोणाच्याही कर्तव्यनिष्ठेविषयी आम्हांस शंका नाही. परंतु नकाशा वाचणे ही एक विद्या आहे आणि ती सर्वांस येत नाही. तीस वर्षे शस्त्रक्रियागृहात काढलेल्या परिचारिकेपुढे निळ्या रेघांचा कागद ठेवला तर ती नम्रपणे "ठीक आहे" म्हणेल. कारण त्या कागदात तिला आपली खोली दिसतच नाही. उलट, ज्याला कागद वाचता येतो त्याने हातमोजे घालून चार तास त्या खोलीत उभे राहून पाहिलेले नसते. ज्ञान दोन्हीकडे आहे; ते एकमेकांस भेटत नाही. ती भेट पुढे इमारत पुरी झाल्यावर होते, आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो.

आमच्या परिचयाच्या एक निवृत्त परिचारिका आहेत. ज्या रुग्णालयात त्यांनी नोकरी केली त्याचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. तेथे शस्त्रक्रियागृह नवे झाले तेव्हा सर्वांना आनंद झाला. फरशी चकचकीत होती, दिवे उत्तम होते. पण कापडाच्या घड्या मोजून लिहिण्याचा फळा ज्या भिंतीवर बसविला होता तेथेच दाराचे पान उघडत असे. पोटाच्या शस्त्रक्रियेत किती घड्या आत गेल्या आणि किती बाहेर आल्या, हा हिशेब म्हणजे किती गंभीर बाब आहे हे सांगावयास नको. एक घडी आत राहिली तर रोग्याचे प्राण संकटात येतात. दार उघडले की तो हिशेब दाराआड जाई. बाई म्हणतात, "आम्ही आकडे तळहातावर लिहू लागलो." तेथे पुढे काही अनर्थ झाला नाही, हे त्या बायांच्या दक्षतेचे फळ होय. परंतु त्यांची ती दक्षता वर्षानुवर्षे दाराच्या एका पानाशी झगडण्यात खर्च झाली. नकाशावर तेच पान म्हणजे एक लहानशी कमान होती आणि फळा तर दाखविलेलाच नव्हता.

यावर उपाय नवा नाही आणि फार खर्चाचाही नाही. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना राज्यात क्लेमसन विद्यापीठ आणि तेथील वैद्यकीय विद्यापीठ यांनी २०१५ पासून चार वर्षे या एकाच प्रश्नावर काम केले. अंजली जोसेफ या संशोधक विदुषी त्या कार्याच्या प्रमुख होत्या आणि त्यास तेथील केंद्र सरकारच्या आरोग्यसंशोधन संस्थेचे साहाय्य होते. त्यांनी आधी खऱ्या शस्त्रक्रियांची चित्रफीत घेऊन कोण कोठे अडखळतो, कोणास वळसा पडतो, काम कशाने खंडित होते याची बारकाईने नोंद केली. मग जमिनीवर चिकटफीत लावून खोलीची पूर्ण आकाराची आखणी केली. पुढे पुठ्ठ्याच्या व तसल्याच साध्या साहित्याच्या भिंती आणि यंत्रे उभी केली, आणि अखेरीस खऱ्याच्या पुष्कळ जवळ जाणारी खोली रचली. प्रत्येक पायरीवर शस्त्रवैद्य, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका यांना बोलावून खोट्या रोग्यावर खोटी शस्त्रक्रिया करावयास लावली. मेज खोलीत सरळ असावे की तिरपे, फिरत्या परिचारिकेचे टेबल कोणत्या अंगास असावे, म्हणजे तिला सर्वांवर नजर ठेवता येईल व निर्जंतुक जागेजवळून वारंवार जावे लागणार नाही, दारे कोठे असावीत, असे प्रश्न त्यांनी वादविवादाने न सोडविता चालून, वाकून, हात लांबवून सोडविले. आमच्या मते या कार्याचा खरा धडा त्या क्रमात आहे. स्वस्त आणि सहज पुसता येईल ती नक्कल आधी; महाग आणि हुबेहूब ती नंतर. कारण पहिल्या दिवसाच्या चुका मोठ्या असतात, आणि मोठ्या चुका पकडण्यास चिकटफीत पुरते.

कोणी म्हणेल की, ही पाश्चात्त्यांची श्रीमंती झाली. त्यास आमचे उत्तर असे की, खऱ्या कामापूर्वी खोट्यावर हात बसवावा, हे तत्त्व याच भूमीतील आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय 'योग्यासूत्रीय' या नावाचा आहे. योग्या म्हणजे अभ्यास, सराव. शिष्य सर्व शास्त्र शिकला असला तरी त्याच्याकडून योग्या करवून घ्यावी, असे तेथे सांगितले आहे. आणि ती कशावर करावी याची यादीही दिली आहे. छेद घेण्याचा अभ्यास कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी अशा फळांवर करावा. भेद करण्याचा पाण्याने व चिखलाने भरलेल्या चामडी पिशव्यांवर. शीर टोचण्याचा मृत जनावरांच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर. टाके घालण्याचा कापडावर व मऊ चामड्यावर. आणि पट्ट्या बांधण्याचा मनुष्याकृती बाहुल्याच्या अवयवांवर. आमच्या स्वयंपाकघरातील भोपळ्यास एवढी मोठी परंपरा आहे, याचा आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य अभिमान बाळगावा. परंतु अभिमानाबरोबर एक प्रश्नही मनात यावा. ज्या देशात रोग्याच्या शरीराची नक्कल करून हात तयार करण्याची रीत होती, त्या देशात रोग्याच्या खोलीची नक्कल करून खोली तयार करण्यास संकोच का वाटावा?

पश्चिमेकडेही हा विचार एका दिवसात आला नाही. फ्रँक गिलब्रेथ नावाचे एक अमेरिकन गृहस्थ मूळचे गवंडीकाम शिकलेले. एक वीट लावताना गवंडी अठरा हालचाली करतो, त्यांतल्या बहुतेक व्यर्थ असतात, असे त्यांनी पाहिले आणि पाडाची उंची व विटांची मांडणी बदलून त्या हालचाली पाचांच्या आसपास आणल्या. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्यांनी शस्त्रवैद्यांच्या कामाची चलच्चित्रे घेतली. वैद्याचा पुष्कळ वेळ उपकरण शोधण्यात जातो, हे त्यांच्या ध्यानात आले. वैद्याने नजर जखमेवरून न काढता नुसता हात पुढे करावा आणि परिचारिकेने हवे ते उपकरण त्या हातात ठेवावे, या पद्धतीचा त्यांनी पुरस्कार केला. भिंत बांधणाऱ्याने शस्त्रक्रियेकडे पाहिल्यामुळे शस्त्रक्रिया सुधारली, हे उदाहरण आम्हांस फार बोधप्रद वाटते. त्यानंतर इंग्लंडातील नफील्ड न्यासाने वास्तुशास्त्रज्ञ, डॉक्टर व परिचारिका यांना एकत्र बसवून रुग्णालयांच्या रचनेचा अभ्यास करविला आणि त्याचा ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध केला. तेवढ्यावर न थांबता त्यांनी ग्रीनॉक आणि बेलफास्ट येथे आपल्या कल्पनेतील वॉर्ड प्रत्यक्ष बांधून पाहिले.

आता दूरचे सोडून शेजारी येऊ. आमच्या बालाघाटहून दक्षिणेस गोंदिया ओलांडून खाली गेले म्हणजे गडचिरोली जिल्हा लागतो. तेथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' या संस्थेचे काम सुरू केले. आदिवासींसाठी दवाखाना बांधावयाचा होता. तो बांधण्यापूर्वी त्यांनी आदिवासींसच विचारले की, तुम्ही दवाखान्यात का येत नाही? उत्तरे अशी आली की, जी कोणत्याही नकाशात सापडली नसती. मोठ्या इमारतीची भीती वाटते. नातलगांना आत राहू देत नाहीत. पांढऱ्या कपड्यांतील माणसे पाहून मृत्यूची आठवण होते. मग शोधग्रामचा दवाखाना आदिवासी खेड्यासारखा, झोपड्यांच्या वळणाचा बांधला गेला. रोग्याबरोबर त्याच्या माणसांना राहता येईल अशी सोय झाली. आणि त्यास माँ दंतेश्वरीचे नाव दिले गेले. ही काही पुठ्ठ्याची नक्कल नव्हती हे खरे. तथापि ज्यांच्यासाठी भिंत बांधावयाची त्यांना भिंतीआधी विचारावे, हे जे या सर्व प्रकाराचे मूळ, ते तेथे आहे. आम्ही एवढेच म्हणतो की, रोग्यास जे विचारले गेले तेच परिचारिकेस, वॉर्डबॉयला आणि फरशी पुसणाऱ्या मावशींनाही विचारले जावे. आणि तोंडी विचारून न थांबता त्यांना ती जागा पायांखाली आणून द्यावी.

आमच्या जिल्ह्यात या गोष्टीची निकड अधिक आहे. वैनगंगेच्या काठचे हे शहर एका मोठ्या, जंगलाने भरलेल्या जिल्ह्याचे ठाणे आहे. बैहरकडील बैगा किंवा गोंड कुटुंबातील बाळंतीण अडली तर तिला घाटाच्या वळणांवरून साठ-सत्तर किलोमीटर यावे लागते. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत किंवा भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत कोणास अपघात झाला तर त्याची घटका मोजण्याची असते. जे येथे होऊ शकत नाही त्यासाठी लोक गोंदिया, नागपूर वा जबलपूर गाठतात. १९५६ पूर्वी नागपूर हीच या प्रांताची राजधानी होती, तेव्हापासूनची ही वाट आहे. एवढ्या दुरून आलेल्या रोग्याचे शेवटचे वीस फूट, म्हणजे स्ट्रेचरपासून मेजापर्यंतचे अंतर, तरी सुरळीत जावे अशी अपेक्षा करणे फार झाले काय? मोठ्या शहरात एका रुग्णालयाचे शस्त्रक्रियागृह गैरसोयीचे ठरले तर दुसरे असते. जेथे एकच असते तेथे त्यातील दार चुकीच्या जागी असणे म्हणजे साऱ्या तालुक्याचे दार चुकीच्या जागी असण्यासारखे आहे.

आणि एक दुःखद आठवण येथे टाळता येत नाही. आमच्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात, तेथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशूंच्या अतिदक्षता कक्षास ९ जानेवारी २०२१ रोजी पहाटे आग लागली आणि दहा बालके दगावली. सात वाचविण्यात आली. त्या घटनेचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही आणि तो या लेखाचा हेतूही नाही. पण धुराने भरलेल्या अंधारात कोणी, कोणास, कोणत्या दाराने बाहेर न्यावयाचे, हा प्रश्न प्रत्येक नव्या कक्षाबाबत बांधणीपूर्वी विचारला गेला पाहिजे, असे त्या दिवसापासून आम्हांस तीव्रतेने वाटते. डोळ्यांवर पट्टी बांधून, कुशीत कापडी बाहुले घेऊन, फक्कीच्या रेघांमधून दारापर्यंत पोहोचावयास किती पावले लागतात हे मोजण्यास कोणतेही यंत्र लागत नाही.

हे सर्व नुसते सांगण्यापेक्षा करून पाहावे म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही काही विद्यार्थ्यांस घेऊन शाळेच्या पटांगणावर एक लहानसा प्रयोग केला. तो शास्त्रीय होता असा आमचा दावा नाही. चित्रकलेच्या शिक्षकांनी एक सर्वसाधारण नकाशा काढून दिला. त्याप्रमाणे मुलांनी फक्कीने वीस फुटांचा चौकोन आखला, दाराची जागा मोकळी सोडली आणि बाहेर सहा फूट रुंदीची ओसरी दाखविली. दोन बाके म्हणजे मेज. शिक्षकांची खुर्ची आणि तिच्यावर डबा म्हणजे भूल देण्याचे यंत्र. बांबू म्हणजे सलाईनची दांडी. सुतळ्या म्हणजे वायरी. आणि पुठ्ठ्याचा एक मोठा तुकडा हाती धरलेला विद्यार्थी म्हणजे दाराचे पान. वर सांगितलेल्या परिचारिकाबाई मुद्दाम आल्या होत्या. त्यांच्या सांगण्याप्रमाणे सर्वांनी जागा घेतल्या.

खेळ म्हणून सुरू झालेला तो प्रकार दहा मिनिटांत गंभीर झाला. खाटेवरून रोगी आत आणताना खाट वळली, पण शेजारून सलाईनचा बांबू धरून चालणारा मुलगा फक्कीच्या भिंतीतून आरपार गेला. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत, त्या म्हणाल्या, "तो बरोबर चालला. तुमची भिंत चुकली." दार दीड फूट सरकविले. त्यास अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागला नाही. मग फिरती परिचारिका झालेल्या मुलीस कपाटापासून मेजापर्यंत ये-जा करताना दर खेपेस दोन सुतळ्या ओलांडाव्या लागतात, असे दिसले. तिसऱ्या खेपेस तिचा पाय अडकून भुलीच्या यंत्राचा डबा खाली पडला. विजेची जागा भिंतीवरून काढून छतातून खाली सोडली तर हे टळेल, हे एका नववीच्या विद्यार्थ्याने सुचविले. अनेक नव्या शस्त्रक्रियागृहांत असेच केलेले असते, हे त्यास ठाऊक नव्हते. त्याला ते त्याच्या पायांनी सांगितले होते. शाळेची सफाई करणाऱ्या मावशी बाजूस उभ्या राहून पाहत होत्या. त्यांनी विचारले, "आणि ही जागा धुवायची कशी? घाण पाणी ह्याच दारानं बाहेर काढायचं का?" त्या प्रश्नाचे उत्तर आमच्या नकाशात नव्हते. शेवटी, रोगी होऊन अर्धा तास बाकावर निजलेल्या मुलास आम्ही त्याचा अनुभव विचारला. तो म्हणाला, "सगळे माझ्या डोक्यावरून एकमेकांशी बोलत होते, मला कोणाचं तोंड दिसत नव्हतं." भूल चढण्यापूर्वीच्या त्या दोन मिनिटांत रोग्यास एक तरी मानवी मुद्रा दिसावी, म्हणून भूलतज्ज्ञाने कोठे उभे राहावे, हाही रचनेचाच प्रश्न आहे, हे आम्हांस त्या दिवशी प्रथम कळले.

या सूचनेवर आक्षेप येतील याची आम्हांस कल्पना आहे. पहिला आक्षेप खर्चाचा. फक्की, सुतळी, पुठ्ठा आणि एक मोकळे मैदान यांचा खर्च तो किती? इमारतीच्या खर्चाच्या मानाने तो नगण्य होय. आणि बांधलेली भिंत पाडून पुन्हा बांधण्याचा खर्च आपण कोणीही घर बांधताना अनुभवलेला आहे. दुसरा आक्षेप विलंबाचा. आठ दिवस लागतील असे धरू. जी इमारत पन्नास वर्षे उभी राहावयाची तिला आठ दिवस थांबणे जड जाऊ नये. तिसरा आक्षेप असा की, सरकारी मानके व ठरीव नकाशे आहेत, मग हे कशाला? मानके हवीतच, त्यांवाचून अंदाधुंदी माजेल. परंतु मानक हे खोलीचे माप सांगते, तिच्यातील येरझारा सांगत नाही. शिंपी मापे घेऊनही अंगरखा पुरा शिवण्यापूर्वी एकदा अंगावर चढवून पाहतो, तसेच हे आहे.

चौथी अडचण मात्र खरी आहे आणि ती आम्ही लपवू इच्छीत नाही. आपल्याकडे मोठ्यांच्या देखत लहान माणूस बोलत नाही. तालमीस साहेब आले, शस्त्रवैद्य आले, म्हणजे परिचारिका गप्प बसेल आणि मावशी तर दाराबाहेरच राहील. मग तालीम होईल, छायाचित्र निघेल, आणि दार होते तेथेच राहील. अशी देखाव्याची तालीम न करणे बरे. म्हणून खालच्या पायरीवरील माणसाने आधी बोलावे आणि वरच्याने शेवटी, असा नियमच असला पाहिजे. प्रत्येक सूचना वहीत उतरली पाहिजे. आणि जी मानली नाही ती का मानली नाही, हेही तिच्यासमोर लिहिले पाहिजे. शिवाय हेही मान्य केले पाहिजे की, नकलेत सर्व काही कळत नाही. हवा कशी वाहते, वाफेचे यंत्र किती तापते, मध्यरात्रीच्या शस्त्रक्रियेत थकलेले मन कसे चुकते, हे फक्कीच्या रेघा सांगू शकत नाहीत. त्यासाठी तज्ज्ञच हवेत. परंतु ज्या चुका पायांना कळतात त्या तरी पायांनी आधी शोधाव्यात, म्हणजे तज्ज्ञांची बुद्धी उरलेल्यांसाठी मोकळी राहील.

यास्तव आमची मागणी अगदी लहान आहे. आमच्या जिल्ह्यात यापुढे सरकारी असो वा खाजगी, लहान असो वा मोठे, कोणतेही नवे शस्त्रक्रियागृह, प्रसूतिगृह वा नवजात बालकांचा कक्ष बांधावयाचा असेल, तर त्याचा नकाशा कायम होण्यापूर्वी तो पूर्ण आकारात जमिनीवर आखावा. तेथे काम करणार असलेल्या प्रत्येक श्रेणीच्या माणसास बोलवावे. एक साधी शस्त्रक्रिया, एक अडलेली बाळंतीण, एक वीज गेल्याचा प्रसंग आणि एक आगीचा प्रसंग, असे चार प्रवेश करून पाहावेत. मग रेघा हलवाव्यात, आणि त्यानंतरच सही करावी. जागा नसेल तर शाळांची पटांगणे आहेत. सुट्टीत ती रिकामीच असतात, आणि फक्की आखणारे हात आमच्याकडे पुष्कळ आहेत.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी कोणी अभियंता होईल, कोणी डॉक्टर, कोणी परिचारिका, कोणी कंत्राटदार, आणि कोणी कचेरीत बसून नकाशांवर सही करणारा अधिकारी. २०२० सालच्या साथीत आपल्या गावातील दुकानांपुढे आखलेली चुन्याची वर्तुळे तुमच्या स्मरणात असतील. त्या साध्या रेघांनी आपल्याला कोठे उभे राहावे हे शिकविले होते. पुढे कधी तुमच्यासमोर एखादा नकाशा येईल आणि तो बिनचूक दिसेल, तेव्हा तो कागद घेऊन एकदा मैदानावर या. ज्या माणसास त्या खोलीत उद्या डोळे मिटून निजावयाचे आहे त्याला आपले मत देता येत नाही. ते त्याच्या वतीने आधीच कोणीतरी चालून पाहिले पाहिजे. यंदाच्या संमेलनाची फक्की अजून पटांगणावर पुसट दिसते आहे. तिच्या शेजारी आमच्या त्या वीस फुटी चौकोनाचा एक कोपराही ओळखू येतो, आणि त्यात दीड फूट सरकविलेले ते दारही.